पाण्यात काहीही घातलेले नाही

मुलीने अट घातली तेव्हा मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. अट म्हटली की माझे कान आपोआप टवकारतात. माझी सारी नोकरी पुण्यातल्या एका बँकेच्या विधी विभागात गेली.

"शाळेची ही टर्म संपेपर्यंत बघायचं," ती तिच्या मुलीला सांगत होती. "घराला वास आला, पाणी घाण राहिलं, तर कासव दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं. मग रडारड चालणार नाही."

"डील," नात म्हणाली. ती नऊ वर्षांची आहे. मराठी तिला सगळे समजते. उत्तर मात्र इंग्रजीतून येते.

मी आणि पत्नी परदेशात, पोरिरुआ गावी, मुलीकडे राहायला आलो होतो. जावई बांधकामातले अभियंते. काम ख्राइस्टचर्चला असल्यामुळे महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी घरी येत. शेजारचे कुटुंब ऑस्ट्रेलियाला कायमचे गेले आणि जाताना आपले कासव, त्याच्या काचेच्या टाकीसकट, माझ्या नातीच्या हवाली करून गेले. टाकीचा जुना फिल्टर मोडलेला होता. नवा आणून तो बसवायचा, पाणी निर्मळ ठेवायचे आणि टर्म संपेपर्यंत कासव राखायचे, असे ते प्रकरण होते. त्यात वकीलपत्र माझ्याकडे कोणी दिले नव्हते. ते मी स्वतःच घेतले.

पहिला प्रश्न भूकंपाचा. या देशात जड वस्तू भिंतीला पट्ट्याने बांधून ठेवतात. भिंतीला भोक पाडायचे तर घर भाड्याचे. म्हणून मी घरमालकाला दोन पानी पत्र लिहिले. टाकीचे अंदाजे वजन, पट्ट्याचा प्रकार, भोकाचा व्यास आणि घर सोडताना ते बुजवून देण्याची हमी, असे सर्व त्यात होते. उत्तर दोन शब्दांचे आले: "स्वीट ॲज."

"ॲज व्हॉट?" मी नातीला विचारले. "वाक्य अपुरं आहे. कशासारखं गोड?"

"कशासारखं नाही, आबा. जस्ट स्वीट ॲज. मीन्स ओके."

"मग ओके लिहायला काय झालं होतं?"

पत्नी आतून म्हणाली, "अहो, परवानगी मिळाली ना? का आता व्याकरणासाठी अपील करताय?"

फिल्टर म्हणजे झाकणाचा एक मोठा डबा. तो टाकीखालच्या कपाटात बसतो. एका नळीने टाकीतले पाणी खाली डब्यात उतरते, तिथे स्पंजांच्या थरांतून गाळले जाते आणि दुसऱ्या नळीने पंप ते पुन्हा वर ढकलतो. माहितीपुस्तिका मी कलमवार वाचली. नळी आखूड कापली तर ताणली जाते. लांब ठेवली तर तिला पोट येते, त्यात हवा अडकते आणि प्रवाह मंदावतो. विजेची वायर प्लगच्या खाली झोल देऊन न्यायची, म्हणजे तिच्यावरून ओघळलेले पाणी प्लगमध्ये न शिरता जमिनीवर ठिबकेल. ही तरतूद मला फार आवडली. मी ती नातीला दोनदा समजावून सांगितली.

नळी भरून पाणी पहिल्यांदा खाली उतरले तेव्हा मी म्हणालो, "याला वक्रनलिका म्हणतात."

"वक्र... व्हॉट?"

"वक्रनलिका. आम्हाला शाळेत होती. एकदा पाणी वळणावरून पलीकडे गेलं की मग ते आपणहून वाहतं."

तिने तो शब्द चारपाच वेळा तोंडात घोळवला. डब्यात पाणी बुडबुडत भरू लागले तशी ती त्या तालावर "वक्रनलिका, वक्रनलिका" म्हणत कपाटासमोर उकिडवी बसून राहिली. सांध्यांवर मी कोरडा कागद फिरवला. एकही थेंब नव्हता.

"मी लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या मोरीतला नळ गळत होता," पत्नी म्हणाली. "आपण ते घर सोडलं तेव्हाही गळतच होता. कासवाचं नशीब मोठं हो."

काही दिवसांतच पाणी पांढुरके झाले. दूध विसळलेल्या भांड्यासारखे. नात शाळेतून आली की दप्तर न ठेवता आधी टाकीकडे जाई आणि मग आईच्या चेहऱ्याकडे पाही. मी दुकानात फोन केला. फिल्टर विकणाऱ्या बाई म्हणाल्या, फिल्टर नवा असला की असे होतेच. स्पंजात चांगले जिवाणू वस्तीला यायला वेळ लागतो. थोडे पाणी बदलत राहा, बाकी काही करू नका, थांबा.

"काही करू नका" हा सल्ला मी आयुष्यात कधी मानलेला नाही. तो मला महापालिकेने दिला आहे, वीज मंडळाने दिला आहे, आणि प्रत्येक वेळी मी त्यावर पत्र लिहिले आहे.

दाढी झाल्यावर मी गालांवर तुरटी फिरवतो. वडील फिरवत, मीही फिरवतो. पुण्याहून येताना तो खडा मी कातडी पिशवीतून आणला होता. एके सकाळी तो ओल्या हातात असतानाच मला आईचा हंडा आठवला. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की ती तुरटीचा खडा बोटांत धरून हंड्यात गोल फिरवी आणि वर झाकण ठेवी. काही वेळाने पाणी निवळलेले असे. त्याला विद्या लागत नव्हती, जिवाणू लागत नव्हते आणि थांबा म्हणणारी दुकानदारीणही लागत नव्हती.

घर रिकामे झाल्यावर मी फिल्टर बंद केला, बाही वर केली आणि टाकीत खडा फिरवला. कासव दगडावर चढून माझ्याकडे मान लांब करून पाहत राहिले. दुपारी पांढरा साका तळाशी बसला होता आणि वरचे पाणी असे निवळशंख झाले होते की पलीकडच्या भिंतीवरचे कॅलेंडर त्यातून वाचता यावे. मी फिल्टर सुरू केला. तळाचा साका त्याने ओढून घेतला. मला वाटले, त्यासाठीच तर तो आहे.

"बाबा, कमाल केलीत," संध्याकाळी मुलगी म्हणाली. "कसं काय?"

"जोडणी नीट केली की होतं," मी म्हणालो.

तुरटीचे मी सांगितले नाही. लपवले, असे म्हणण्याची तेव्हा माझी तयारी नव्हती. भाजीत मीठ घातले तर माणूस सांगेल. पाण्यात तुरटी फिरवली, हे कोण सांगत बसतो? आमच्याकडे तुरटी पाण्यात घालत नाहीत. ती फिरवतात आणि खडा काढून घेतात. घातलेली वस्तू आत राहते, फिरवलेली बाहेर येते. हा फरक मला इतका स्वच्छ वाटत होता की त्यावर मी युक्तिवाद उभारू शकलो असतो. पुढे उभारलाही.

पाणी पुन्हा पांढुरके झाले की मी पुन्हा खडा फिरवी. एकदा नात सर्दीमुळे घरी होती. पायमोजे घालून ती दारात केव्हा येऊन उभी राहिली ते मला कळलेच नाही.

"व्हॉट्स दॅट, आबा?"

"तुरटी. हिने पाणी निवळतं."

"इज इट अलाउड?"

"तुझी पणजी हेच करायची. अख्खं घर ते पाणी प्यायचं. आम्ही मेलो का?"

ती खोलीत परत गेली. माझा आवाज चढला होता, हे मला आज आठवते. तेव्हा जाणवले नव्हते.

मग प्रवाह मंदावू लागला. वरच्या नळीतून येणारी धार बारीक झाली, मग नुसतीच ओघळू लागली, आणि एके दिवशी पंप घरघरून थांबला. कासवाने खाणे सोडले. त्याच्या पापण्या सुजून डोळे मिटले. नात टाकीच्या काचेला नाक लावून बसे.  फ्रीजवर लावलेल्या शाळेच्या वेळापत्रकाकडे मुलीची नजर वारंवार जाई, आणि नातीची तिच्याकडे.

मी पत्र लिहिले. फिल्टर सदोष आहे. विकलेला माल ज्या कामासाठी विकला त्या कामास योग्य असणे बंधनकारक आहे. जोडणी पुस्तिकेतील प्रत्येक सूचनेनुसार केलेली आहे. पाण्यात काहीही घातलेले नाही. सबब फिल्टर बदलून द्यावा आणि पशुवैद्याचा खर्चही सोसावा. पत्र उत्तम झाले होते. नातीला मी ते मोठ्याने वाचून दाखवले. ती आपल्या मोज्यांकडे पाहत ऐकत होती. माझ्या इंग्रजीने ती भारावली आहे, असे मला वाटले.

शनिवारी मुलगी मला आणि नातीला गाडीतून दुकानात घेऊन गेली. फिल्टर बादलीत होता. बाई माझ्याहून थोड्या लहान असतील. अंगावर ॲप्रन, चष्मा डोक्यावर. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवले आणि ते तोंडीही मांडले. दुकानात आणखी दोघेतिघे होते. आवाज त्यांच्यापर्यंत जाईल इतका मी मोठा ठेवला होता. आपल्यावरचा अन्याय चारचौघांत मांडावा, असे मी नेहमी मानत आलो आहे.

"बाबा, जरा हळू," मुलगी मराठीत म्हणाली.

"हळू बोलून कुणाला काय मिळालंय?"

बाईंनी पत्र वाचले नाही. त्यांनी फिल्टरचे झाकण उघडले आणि स्पंज बाहेर काढला. तो स्पंज राहिलाच नव्हता. त्यावर पांढरट, बुळबुळीत, पेजेसारखा थर होता. पंपाच्या पात्यांतही तोच रुतून बसला होता. बाईंनी तो बोटावर घेऊन पाहिला.

मला तो पाहताक्षणी ओळखू आला. हंडा रिकामा करताना तळाशी हेच उरे. आई ते चुकूनही कोणाला प्यायला देत नसे. हंडा विसळून मोरीत ओतून टाकी. अर्धी पद्धत मला आठवली होती, उरलेली अर्धी त्या क्षणी आठवली.

"पाण्यात कोणी काही घातलं होतं का?" बाईंनी विचारले. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. उपचार ठरवायचा म्हणून डॉक्टर विचारतात, तसे त्यांनी विचारले होते.

आणि मी, सगळे उमगलेले असताना, माझे वाक्य पुन्हा उच्चारले. "नथिंग व्हॉटसोएव्हर हॅज बीन पुट इन द वॉटर." मनात मी त्याचे मराठी करत होतो. घातलेले नाही. फिरवलेले आहे. शब्दशः पाहता मी खोटे बोलत नव्हतो. आयुष्यभराचे कायद्याचे शिक्षण त्या क्षणी माझ्या एवढ्याच उपयोगी पडले.

"इट वॉज मी," नात म्हणाली.

मुलगी वळली. "काय?"

"मी... आय पुट सम व्हाइट स्टफ. फ्रॉम द बाथरूम. पाणी क्लिअर व्हायला."

"काय पांढरं? कधी? कुणाला विचारून?"

नातीने माझ्याकडे पाहिले. फार थोडा वेळ. तेवढ्या वेळात मी तोंड उघडू शकलो असतो. दुकानातली ती दोघेतिघे माणसे अजून तिथेच होती. मी टेबलावरचे पत्र उचलले, त्याची घडी घातली आणि खिशात ठेवले.

"आबा इतके दिवस राबतायत तुझ्या कासवासाठी," मुलगी म्हणाली. "आणि तू? आता ठरलं होतं तसंच. टर्म संपायचीपण गरज नाही."

"ओके," नात म्हणाली. ती रडली नाही. रडारड चालणार नाही, ही अट तिच्या लक्षात होती.

बाईंनी पंप धुऊन चालू करून दाखवला. त्यात दोष नव्हता. नवे स्पंज दिले, पाणी रोज थोडे थोडे बदलायला सांगितले आणि कासवाला पशुवैद्याकडे न्या म्हणाल्या. मग नातीला म्हणाल्या, खरे सांगितलेस हे चांगले केलेस. मी तिथेच उभा होतो.

परतताना मी पुढे बसलो होतो, नात मागे. खाडीवर वारा सुटला होता.  नातीने बादली मांडीत धरली होती आणि वळणांवर ती पडू नये म्हणून दोन्ही हातांनी आवळली होती.

घरी आल्यावर मी तिच्याजवळ टाकीपाशी बसलो.

"असं का सांगितलंस?"

ती कासवाकडेच पाहत राहिली. "यू सेड इट सो लाउड, आबा. मग तुला ते परत कसं घेता येणार?" थोड्या वेळाने तिने पुढे जोडले, "ममा गेट्स ओव्हर इट."

ममाचा राग ओसरतो. माझ्याविषयी ती काहीच बोलली नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो. मुलगी कणीक मळत होती, पत्नी लसूण सोलत होती. मी उभ्यानेच सांगितले. तुरटीचे सांगितले, मग दुकानातले. घातले आणि फिरवले यांतला फरकही सांगू लागलो होतो; पण मुलीने मान वर केली आणि माझे वाक्य अर्ध्यावर राहिले.

मला वाटले, ती चिडेल. मी रागाची तयारी करून आलो होतो. रागाला उत्तर देणे मला जमते. ती पुन्हा कणीक मळू लागली.

"मीपण असंच करायचे, बाबा," ती म्हणाली. "तुमच्या टेबलावर शाईची दौत सांडली होती, आठवतं? आईच्या हातून सांडली होती. मी सांगितलं, मी सांडली. तुम्ही माझ्याकडून माफीचा अर्ज लिहून घेतलात. विषय, संदर्भ, आपली आज्ञाधारक, सगळं."

"तारीख राहिली म्हणून परत लिहायला लावला होतात," पत्नी म्हणाली. तिने लसणावरून नजर उचलली नाही.

मला तो अर्ज आठवला. त्यातले अक्षर इतके वळणदार होते की मी तो कार्यालयात नेऊन सहकाऱ्यांना दाखवला होता. म्हणालो होतो, बघा, चूक कबूल करायला मुलांना असे लहानपणापासून शिकवावे लागते. ते सगळे हसले होते, आणि मी तो कागद मोठ्या अभिमानाने पाकिटात ठेवला होता.

"आई, तू का नाही बोललीस तेव्हा?" मुलीने विचारले. हे तिने प्रथमच विचारले असावे.

"तुझ्याच बाबांच्या घरात राहायचं होतं ना मला," पत्नी म्हणाली, आणि लसणाची साले गोळा करून केराच्या डब्यात टाकली.

माझ्या अनेक पत्रांना उत्तरे आली नाहीत याचा मला आयुष्यभर संताप आला. त्या संध्याकाळी मात्र माझ्या स्वतःच्या घरातून इतक्या वर्षांनी उत्तर आले होते, आणि त्यावर मला काही लिहिता येत नव्हते.

तरी सवयीने मी दुकानाला पत्र लिहायला बसलो. मागील पत्र मागे घेत आहे, इत्यादी. नात मागे येऊन उभी राहिली.

"नो लेटर," ती म्हणाली. "जस्ट से इट."

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. गाडीत मी इंग्रजी वाक्य जुळवत होतो. फिरवण्याला योग्य क्रियापद शोधत होतो. दोनतीन सापडलीही, आणि प्रत्येकात थोडी पळवाट होती. दुकानात गर्दी होती. बाईंनी आम्हाला ओळखले आणि त्यांचे खांदे किंचित ताठ झाले. ते मी पाहिले.

"शी डिडन्ट डू इट," मी म्हणालो. "आय पुट इट इन." मग त्यांना कळावे म्हणून खिशातून तुरटीचा खडा काढून टेबलावर ठेवला.

बाईंनी तो हातात घेतला. त्यांची आजी लोणच्यात हे घालायची, असे म्हणाल्या. "इथले पाणी मृदू, कमी क्षारांचे असते. कासवाच्या टाकीत याने सगळे जिवाणू मरतात आणि तो चिकट साका होतो. पुन्हा नको." मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, "स्वीट ॲज."

कासवाचे डोळे पशुवैद्याच्या थेंबांनी हळूहळू उघडले. मुलीने कासव ठेवू दिले. नवी अट एवढीच, की टाकीच्या पाण्याला हात फक्त नातीचा लागेल. आबांनी बादल्या उचलायच्या. मी त्या उचलतो. स्पंज ती टाकीतल्याच पाण्यात विसळते, नळाखाली नाही, म्हणजे जिवाणू जगतात. नळी भरताना अजूनही "वक्रनलिका, वक्रनलिका" म्हणते, आणि ते ऐकून मला वाटते की सारे पूर्ववत झाले आहे.

परवा बादली माझ्या हातून निसटली आणि बैठकीत पाणीच पाणी झाले. मुलगी आतून ओरडली, "काय पडलं? कुणी पाडलं?" मी वाकलेला होतो, मला श्वास लागला होता. "मी, मी पाडली," असे मी शक्य तितक्या लवकर म्हणालो. पण मान वर केली तेव्हा नातीचे तोंड आधीच उघडलेले होते, आणि ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती.